एकोणसत्तरचा फर्स्ट क्लास

माझ्याविरुद्ध झालेल्या तक्रारीचा मसुदा मीच लिहिला होता आणि तिच्यातल्या इंग्रजीच्या चुकाही मीच दुरुस्त केल्या होत्या, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. कारण साता समुद्रापलीकडच्या आमच्या मार्कहॅमच्या मराठी मंडळींत सध्या ही गोष्ट अशी फिरते आहे की, खांबेट्यांनी एका विद्यार्थिनीच्या हातचे पेढे खाल्ले आणि तिलाच नापास केलं. मी तिला नापास केलेलं नव्हतं. मी तिला फर्स्ट क्लास दिला होता. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

मला ह्या वयात नोकरीला लावलं शीलानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी. रिटायर झाल्यापासून मी दिवसभर बेसमेंटमध्ये बसून घर तापवणाऱ्या फर्नेसचा आवाज ऐकत असे आणि तो कालच्यापेक्षा वेगळा येतोय का, हे अधूनमधून वर येऊन तिला सांगत असे. एका सकाळी ती म्हणाली, "अहो, कुठं तरी शिकवायला तरी जा. इथं वर्गात मी एकटीच उरलेय." शेजारच्या नंदूनं हे ऐकलं. नंदू मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि दुसऱ्याचं घोडं पुढं दामटण्याची त्याला भारी हौस. त्यानं लगेच फोन काढला. स्कारबरोच्या एका कम्युनिटी कॉलेजात टेक्निकल मॅथ शिकवायला पार्टटाइम माणूस हवा होता. मी पुण्याला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलेलं, इथं आयुष्यभर पुलांची गणितं केलेली. आठवड्याभरात माझ्या गळ्यात फोटोचं कार्ड लटकलं आणि शीलानं फर्नेसवर एक हळदीकुंकवाचं बोट टेकवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडचं पॉलिटेक्निक, आयटीआय आणि मंगल कार्यालय ह्यांच्या मधलं काहीतरी. एकाच इमारतीत वेल्डिंग, दातांची सफाई, केक आणि त्रिकोणमिती शिकवतात. वर्गात अठरा वर्षांची पोरं आणि पन्नाशीचे बाप्ये शेजारी शेजारी बसतात. सगळे मला "हे प्रोफ" म्हणत. ज्या माणसाला पुण्यात मुलं व्हरांड्यात पाहून जिन्याखाली लपत, त्याला "हे प्रोफ"! पण अपमान गिळायला मी शिकलो आहे. मी लग्न झालेला माणूस आहे.

आमची कोऑर्डिनेटर लोरेन नावाची हसतमुख बाई. तिनं पहिल्याच दिवशी मला ग्रेडिंग शिकवलं. मला! युनिव्हर्सिटीचे पेपर मी गठ्ठ्यानं तपासलेले आहेत, उन्हाळ्यात, पंखा बंद असताना. ती म्हणाली, इथं लाल पेन वापरायचं नाही, लाल रंग विद्यार्थ्यांना आक्रमक वाटतो. जांभळं वापरा. चुकीवर फुली मारायची नाही, तिथं प्रश्न विचारायचा. आणि शेरा सँडविचसारखा लिहायचा, म्हणजे आधी कौतुक, मध्ये सुधारणा, शेवटी पुन्हा कौतुक. मी आज्ञाधारक माणूस. पहिल्याच असाइनमेंटवर जांभळ्या पेनानं लिहिलं, "अक्षर छान. सगळी उत्तरं चूक. समास छान सोडला आहे." लोरेननं तो शेरा पाहिला आणि "वुई विल वर्क ऑन इट" म्हणाली. तिनंही सँडविच केलं होतं की काय, मला कळलं नाही.

मार्क किती द्यायचे हे मात्र तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते काय विचारायचं? पस्तीसला पास, साठला फर्स्ट क्लास. त्याच्याही वर डिस्टिंक्शन नावाचा प्रकार असतो, पण तो ऐकून माहीत असावा, हावरटासारखा गाठू नये. पैकीच्या पैकी मार्क देणं हे तर तपासनिसाच्या चारित्र्याला शोभत नाही. उत्तर बरोबर आलं म्हणून काय झालं? रेघ पट्टीनं मारली आहे का? एकक लिहिलं आहे का? उत्तराखाली दोन रेघा आहेत का? अर्धा अर्धा मार्क कापत गेलं की कुठल्याही शहाण्या मुलाला सत्तरच्या आत आणता येतं, आणि त्यातच त्याचं कल्याण असतं. माझ्या सरांनी मला तसंच आणलं, मी इतरांना आणलं, आणि आम्ही बांधलेले पूल अजून उभे आहेत.

डिसेंबरात टर्म संपली. सगळ्या चाचण्या आणि शेवटचा पेपर धरून मी एकूण निकाल काढला. वर्ग बेचाळीस ते अठ्ठावन्नच्या दरम्यान समाधानकारकरीत्या पसरला होता. आणि सगळ्यांच्या डोक्यावर एकटी उमा गावंडे, एकोणसत्तर. इतके मार्क मी पुण्यातसुद्धा कुणाला दिल्याचं आठवत नाही. तिच्या पेपरावर मी जांभळ्यानं "फर्स्ट क्लास!" असं उद्गारचिन्हासकट लिहिलं. माझ्या हातून उद्गारचिन्ह सहसा जात नाही.

ही उमा यवतमाळची. तिकडे सिव्हिलचा डिप्लोमा करून तिनं चांगली नोकरी केलेली. इथं आल्यावर तो डिप्लोमा कपाटात गेला आणि ती संध्याकाळी स्कारबरोच्या एका ग्रोसरी स्टोअरमध्ये कॅशवर उभी राहायला लागली. तिला हवा होता को-ऑप. को-ऑप म्हणजे कॉलेजच्या मार्फत एखाद्या ऑफिसात मिळणारी उमेदवारी. ती मिळाली की इथला अनुभव मिळतो, इथला अनुभव मिळाला की नोकरी मिळते, आणि तो नसेल तर माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या पिशव्या भरत राहतो. जागा मोजक्या, त्या जानेवारीत भरतात. हे सगळं तिनं मला एकदा तास संपल्यावर सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, "अभ्यास कर, बाकीचं आपोआप होतं." असली वाक्यं मास्तर लोकांच्या तोंडून आपोआप बाहेर पडतात.

निकाल लागला त्याच संध्याकाळी ईमेलांचा पूर आला. सगळ्यांची सुरुवात एकच, "हाय प्रोफ, होप यू आर डुइंग वेल." मी वेल असावा अशी इतक्या लोकांनी एकाच दिवशी इच्छा धरण्याचा माझ्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग. एकाचं म्हणणं, मी प्रत्येक तासाला हजर होतो. होता, हे खरं. त्याचा फोनही होता. एकीला ऐंशी हवे होते, कारण ऐंशी पडले तर आई गाडी घेऊन देणार होती. एकानं तर सरळ लिहिलं, की मला जे मिळाले ते बरोबरच असतील, पण ते मला चालणार नाहीत.

मी हे सगळे कागद लोरेनपुढं ठेवले. वाटलं, ती पोरांना खडसावेल. ती कळवळून म्हणाली, "प्रोफेसर कॅम्बेट, ते तुमच्याकडे मार्क मागत नाहीयेत. ते तुम्हाला मार्क शोधायला सांगतायत." सगळ्या वर्गाची सरासरी पन्नास हे कॉलेजच्या दृष्टीनं वर्गाचं अपयश नसून माझं होतं. मुलं नाराज झाली तर पुढच्या वर्षी फी भरायला येत नाहीत, असं ती म्हणाली नाही, पण "स्टुडंट एक्स्पीरियन्स" हा शब्द तिनं इतक्यांदा वापरला की मला अर्थ लागला.

घरी येऊन मी मार्क शोधायला बसलो. नंदू कॉफी घेऊन समोर बसला आणि सल्ले देत राहिला. "काका, फॉर्म्युला लिहिलाय ना? दोन द्या." मी म्हटलं, "अरे, फॉर्म्युला चुकीचा लिहिलाय." तो म्हणाला, "पण लिहिलाय तर! कोरा नाही ना सोडला? इथं प्रयत्नाला मार्क असतात." मग प्रयत्नाला एक, चुकीच्या प्रयत्नाला अर्धा, खोडलेल्या बरोबर उत्तराला दोन, असा मी शोधत शोधत गेलो. ख्रिसमसच्या आत तक्रार केलेला झाडून सगळा वर्ग सत्तरच्या पलीकडे जाऊन बसला. सगळ्यात कच्चा मुलगा एकाहत्तरवर गेला. त्याच्या पेपरात मला जे सापडलं ते तिथं असल्याचं त्यालाही ठाऊक नसावं. त्यानं मला अंगठ्याचं चित्र पाठवलं.

तक्रार केली नव्हती फक्त उमानं. आणि का करावी? तिला फर्स्ट क्लास होता.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी ती आमच्या घरी आली. बाहेर बर्फ, हिच्या हातात स्टीलचा डबा. मिल्क पावडरचे पेढे, वर पिस्ता. शीलाच्या आणि माझ्या पाया पडून म्हणाली, "सर, बाबांना फोनवर सांगितलं. फर्स्ट क्लास ऐकून लई खूश झाले जी." मी म्हटलं, "तुझ्या मेहनतीचं फळ आहे." नंदू पेढ्याच्या वासानं आलाच होता. आमची नात ईशानी सोफ्यावर फोन घेऊन आडवी होती. सगळे आनंदात होते. मग उमा म्हणाली, "फक्त को-ऑपवाल्यांचं एक मेल आलंय सर. मी एलिजिबल नाही म्हणते. सिस्टिममध्ये काही गडबड होऊन राहिली वाटते."

नंदूनं मेल वाचला. त्याचा पेढा अर्ध्यावर थांबला. "काका, मॅथ्समध्ये मिनिमम सत्तर लागतात."

"मग? हिला एकोणसत्तर आहेत."

"तेच तर."

ईशानीनं फोनमधून डोकं वर काढलं. "आजोबा, सिक्स्टी-नाइन इज अ सी प्लस. दॅट्स, लाइक, नॉट गुड."

"अगं, फर्स्ट क्लास आहे तो!"

"नॉट हिअर," ती म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये गेली. उमा आधी ईशानीकडे, मग माझ्याकडे पाहायला लागली. सरांची नात काहीतरी चुकीचं बोलली आहे आणि सर आता तिला समजावून सांगतील, असा विश्वास तिच्या चेहऱ्यावर होता. मला इतकं वाईट त्याआधी कधी वाटलं नव्हतं. वर्गात पहिली आलेली मुलगी आता वर्गात शेवटची होती, कारण बाकीचे सगळे कुरकुरले होते आणि ही एकटी पेढे घेऊन आली होती.

दुसऱ्याच दिवशी मी लोरेनकडे गेलो. म्हटलं, "एक मार्क वाढवायचा आहे." ती म्हणाली, "सिस्टिम आता लॉक झाली आहे. पण कारण काय?" मी सरळमार्गी माणूस, सगळं सांगितलं. मुलगी आमच्याकडची आहे, माझ्याच भाषेची आहे, काल घरी आली होती, पेढे घेऊन आली होती. सांगता सांगता लोरेनच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू आटत गेलं. "शी ब्रॉट फूड? टु युअर हाउस?" मी म्हटलं, "खूप नाही, एक डबा." तिनं दार लावून घेतलं. मग मला 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट' म्हणजे काय ते हळू आवाजात समजावून सांगितलं. तात्पर्य असं, की एकाहत्तरवाल्याला काहीही येत नसताना मी एकोणतीस मार्क वाढवले ते नियमात बसत होतं. पण ज्या मुलीला खरंच येतं तिला एक मार्क वाढवणं हा भ्रष्टाचार ठरत होता. आता एकच वाट होती. मुलीनं स्वतः माझ्याविरुद्ध अपील करायचं, तिघांच्या समितीपुढं सुनावणी व्हायची, आणि मी समोर बसून उत्तर द्यायचं.

उमाला हे सांगितलं तर ती अंग चोरून बसली. "मी नाही जी करणार."

"अगं, तुझ्या को-ऑपचा प्रश्न आहे."

"तुमच्याविरुद्ध तक्रार? मास्तरांवर? बाबा मला फोनवर बोलणार नाहीत." पुढं म्हणाली, "अन् तुम्ही दिलेले मार्क बरोबरच आहेत सर. मीच कमी पडली."

तिला मी चूक होतो हे पटवायला दोन रविवार लागले. ह्याच्याइतकं अवघड काम मी जन्मात केलेलं नाही. मी स्वतःबद्दल वाईट बोलायचं आणि तिनं माझी बाजू घ्यायची. शेवटी तिच्या नवऱ्यानं, तो बिचारा गोदामात रात्रपाळी करतो, कपाळाला हात लावून सांगितलं, "उमे, सर एवढे म्हणून राहिले तर कर एकदा त्यांच्या मनासारखं." सरांचा मान राखण्यासाठी सरांवर खटला भरायला ती तयार झाली.

तक्रारीचा मसुदा मी लिहिला. पहिलं वाक्य असं होतं, "जरी प्रोफेसर खांबेटे हे अत्यंत विद्वान, अनुभवी आणि विद्यार्थिप्रिय शिक्षक असले, तरी..." शीलानं तो वाचला. "ही तक्रार आहे की तुमचा सत्कार?" असं म्हणून तिनं पहिली दीड पानं काढून टाकली. मग स्वतः पेन घेऊन बसली. मी म्हटलं, "तुला काय कळतं त्यातलं?" ती म्हणाली, "चाळीस वर्षं तुमच्याकडून तपासून घेतेय. आमटीला काल काय म्हणालात? 'मीठ ठीक आहे.' मिठावरच थांबलात. आमटीचं नावही काढलं नाहीत." आणि तिनं लिहायला सुरुवात केली. बायकोनं नवऱ्याविरुद्ध इतक्या उत्साहानं इंग्रजी लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी फक्त स्पेलिंग दुरुस्त केली.

मग बेसमेंटमध्ये तालीम. शीला समितीची अध्यक्ष, मी मी, नंदू सल्लागार. उमा उभी राहिली की प्रत्येक वाक्य "विथ ड्यू रिस्पेक्ट टु सर" असं सुरू करायची. नंदूनं कपाळ बडवलं. "उमाताई, रिस्पेक्ट सोडा. रडायचं नाही, ओरडायचं नाही. फक्त 'आय फील' म्हणायचं. आय फील दिस वॉज अनफेअर. फीलिंगशी इथं कुणी वाद घालू शकत नाही." उमा म्हणाली, "पण मला तसं फील होत नाही." शीला गंभीरपणे म्हणाली, "होईल. यांच्याकडं नीट बघ." मग दोघी माझ्याकडं बघत राहिल्या. त्यानंतर उमानं रिस्पेक्ट काढून टाकला.

सुनावणीच्या दिवशी बर्फ इतकं पडलं होतं की मी ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्यानं उपसून निघेपर्यंत घामाघूम झालो. खोलीत लांब टेबल. मध्ये अध्यक्षबाई, कपाळावर चष्मा. एका बाजूला स्टुडंट युनियनची एक मुलगी, दुसऱ्या बाजूला केक शिकवणारे एक गुबगुबीत गृहस्थ. त्यांना गणितातलं काही कळत नव्हतं, ते त्यांनी सुरुवातीलाच प्रांजळपणे सांगितलं. मी आणि उमा समोरासमोर बसलो. सवयीनं ती मी आल्याबरोबर उठून उभी राहिली. अध्यक्षबाई बुचकळ्यात पडल्या.

उमानं सुरुवात केली. "आय फील," ती म्हणाली आणि घुटमळली. मी नजरेनं तिला धीर दिला. आरोपीनं फिर्यादीला इतका धीर दिल्याचं कायद्याच्या इतिहासात दुसरं उदाहरण नसेल. ती पुढं बोलत गेली. पट्टीनं रेघ नाही म्हणून अर्धा. दोन रेघांऐवजी एक रेघ म्हणून अर्धा. आवाज हळूहळू मोठा झाला. शीलानं लिहून दिलेला कागद तिनं खाली ठेवला. हे काही तालमीत ठरलं नव्हतं.

"प्रश्न चौथा," ती म्हणाली. "उत्तर बरोबर आहे. तिसऱ्या दशांशापर्यंत बरोबर आहे. सरांनी दहापैकी पाच दिले. कारण मी सरांच्या रीतीनं केलं नाही. मी आमच्या यवतमाळच्या डिप्लोमात शिकलेली रीत वापरली. ती छोटी आहे. सरांनी लिहिलं, 'वर्गात शिकवलेली पद्धत वापरावी.' का?" हे ती इंग्रजीत म्हणाली. पण शेवटचा "का?" मराठीत निघाला आणि थेट माझ्या अंगावर आला.

केकवाले गृहस्थ पुढं वाकले. "उत्तर बरोबर होतं? आमच्याकडे केक नीट फुगला तर आम्ही पूर्ण मार्क देतो."

आता मी काय करायचं होतं, ते ठरलेलं होतं. मी मान खाली घालून म्हणायचं होतं, "होय, मी चुकलो." पण केकचं नाव निघालं आणि माझं डोकंच फिरलं. गणित म्हणजे केक आहे का? मी बोलायला लागलो. पद्धत म्हणजे शिस्त, हे सांगितलं. आज बरोबर आलेलं उत्तर उद्या चुकलं तर कुठं चुकलं हे पद्धतीवरूनच कळतं, हे सांगितलं. पूल कोसळला तर कोर्टात उत्तर दाखवत नाहीत, हिशोब दाखवतात, हेही सांगितलं. इतकं सुंदर इंग्रजी मी कधीच बोललो नव्हतो. स्टुडंट युनियनची मुलगी टाइप करायची थांबली. केकवाले मान डोलवायला लागले. अध्यक्षबाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि म्हणाल्या, "प्रोफेसर, हे फार पटण्यासारखं आहे. शिक्षकाच्या व्यावसायिक निर्णयाचा मान राखायला हवा."

मी जिंकत होतो. समोर उमा तिचे कागद गोळा करत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे जास्त वाईट. सरच बरोबर होते, हे तिला आधीपासून माहीत होतं, एवढंच त्या चेहऱ्यावर होतं. ती एकीकडे पेपर पिशवीत घालत होती आणि दुसरीकडे हळूच घड्याळ पाहत होती. चारला तिला कॅशवर उभं राहायचं होतं.

"नोंदीसाठी फक्त एक प्रश्न," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे शंभर मार्क मिळवायला विद्यार्थ्यानं काय करायला हवं?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. शंभर मिळवायला काय करावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. ते मिळत नसतात, इतकंच ठाऊक होतं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "असा पेपर मी पाहिला नाही."

"बरं, मग तुम्ही पाहिलेला सर्वांत चांगला पेपर कुठला?"

मी उमाच्या पिशवीकडं बोट दाखवलं. "तो," मी म्हटलं. "पुण्याचे धरूनसुद्धा. तो."

"आणि त्याला तुम्ही एकोणसत्तर दिलेत?"

"हो."

"का?"

"सवय," मी म्हणालो. इंग्रजीत 'हॅबिट' म्हणालो. तो शब्द त्या खोलीत फार छोटा वाटला. स्टुडंट युनियनच्या मुलीनं तो टाइप केला.

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. कॉरिडॉरमध्ये चिप्सच्या मशीनपाशी आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता उभे राहिलो. मग आत बोलावलं. उमाचे मार्क ब्याण्णव झाले होते आणि को-ऑपच्या ऑफिसला तसं त्याच दिवशी कळवलं जाणार होतं. मला मार्चमध्ये ग्रेडिंगची कार्यशाळा करायची होती, सक्तीची, विदाउट पे. अध्यक्षबाईंनी जाता जाता मला सांगितलं की माझी शिकवण्याची तळमळ दिसते, पण मी सुधारणेला वाव ठेवला आहे, तरी एकूण तळमळ फार छान आहे. मी आभार मानले.

बाहेर आल्यावर उमा खाली वाकली. बुटांवरच्या बर्फानं ओल्या झालेल्या फरशीवर, त्या गर्दीत, माझ्या पाया पडली. दातांची सफाई शिकणाऱ्या दोन मुली घाबरून पाहायला लागल्या, त्यांना वाटलं बाईला चक्कर आली. मी म्हटलं, "अगं, उठ उठ, इथं नको."

"सर, राग नका मानू," ती डोळे पुसत म्हणाली. "आत जे बोलली ते मनातून नव्हतं जी. काकूंनी लिहून दिलं होतं."

"माहीत आहे मला," मी म्हटलं आणि मला बरं वाटलं.

ती पिशवी खांद्याला लावून दोन पावलं चालली. मग थांबली.

"चौथ्या प्रश्नाचं मात्र मनातून होतं."

पार्किंग लॉटपर्यंत मी चौथ्या प्रश्नाची बाजू मांडत होतो, आणि ती बर्फातून माझ्याबरोबर चालत "हो सर, हो सर" म्हणत त्यातलं एक अक्षरही मान्य करत नव्हती.